फार्मसीच्या वर्गात पीबीएल कुणी केलंय का? ६० पोरं आणि मी एकटी

रंकाळाकाठ

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात एका फार्मसी कॉलेजवर शिकवते, नोकरीचं चौथं वर्ष चालू आहे, बी.फार्म थर्ड इयरचं पाचव्या सेमचं फार्माकॉलॉजी टू माझ्याकडे असतं. मला पीबीएलबद्दल विचारायचंय, म्हणजे प्रॉब्लेम बेस्ड लर्निंग. आधी शिकवून मग प्रश्न घालायचे असं नाही, तर आधी पेशंटची अडचण पोरांसमोर ठेवायची, त्यातलं आपल्याला काय येतंय काय येत नाही ते त्यांनीच ठरवायचं, वाचून यायचं आणि परत एकत्र बसून ती सोडवायची.

हे डोक्यात कुठनं आलं तर मागच्या वर्षीच्या व्हायवातनं. एक मुलगी, वर्गात कायम पहिली नाहीतर दुसरी, डायक्लोफेनॅक ह्या पेनकिलरचं मेकॅनिझम घडाघडा म्हणाली, कॉक्स वन, कॉक्स टू, प्रोस्टाग्लँडिन, सगळं बरोबर. मी विचारलं, तुझ्या आजोबांना बीपीची गोळी चालू आहे आणि गुडघा दुखतो म्हणून त्यांनी ही गोळी रोज घेतली तर चालेल का? ती गप्पच झाली, मग म्हणाली मॅडम हे सिलॅबसमध्ये नाही. आता खरं बघितलं तर हे सगळं सिलॅबसमध्ये आहे आणि एकाच पेपरात आहे, बीपीची औषधं एका युनिटला, डाययुरेटिक म्हणजे लघवी वाढवणारी औषधं दुसऱ्या युनिटला, पेनकिलर ऑटॅकॉइडच्या (अंगातच तयार होणाऱ्या प्रोस्टाग्लँडिनसारख्या पदार्थांच्या) युनिटला. तीन डबे आहेत आणि पोरं या डब्यातनं त्या डब्यात जात नाहीत. मला त्या रात्री झोप लागली नाही, कारण तिला तसं शिकवणारी मीच.

म्हणून या सेमला एक केस केली. ६२ वर्षांचे ऊस शेतकरी, बीपीला टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन (हे डाययुरेटिक) ह्यांची एकत्र गोळी, शुगरला मेटफॉर्मिन, गुडघ्यासाठी दहा दिवस डायक्लोफेनॅक, मग जुलाब, लघवी कमी, पायावर सूज, क्रिएटिनिन ३.१, म्हणजे किडनी बिघडलीय. वर नाव दिलं 'ड्रग इंड्यूस्ड किडनी इन्ज्युरी', सहा गट पाडले दहा-दहाचे आणि म्हटलं चर्चा करा. पाच मिनिटं शांतता, मग सगळे मोबाइलवर. पुढच्या आठवड्यात प्रत्येक गटातनं दोघांनी पीपीटी दाखवली, सहाही पीपीटी जवळजवळ सारख्या, बाकीचे आठ-आठ जण नुसते बसून. शेवटी एकानं विचारलं, मॅडम ह्याचं उत्तर परीक्षेत कसं लिहायचं? आणि एचओडी (विभागप्रमुख) सरांनी विचारलं, पोर्शन कधी संपणार.

मला सोडून द्यायचं नाहीये पण कसं करायचं ते कळत नाहीये. ६० पोरांना एकटीनं कसं सांभाळायचं, मार्क कसे द्यायचे, आणि भाषेचं काय, कारण निम्मी पोरं दहावीपर्यंत मराठी मीडियमची आहेत, इंग्लिशमध्ये चर्चा करा म्हटलं की तोंडं मिटतात. ज्यांनी खरंच केलंय त्यांनी सांगा प्लीज.

खडूफळा

मॅडम, तुमचं सगळं दोनदा वाचलं. मी २० वर्षांच्या वर शिकवतोय, त्यातली शेवटची सात-आठ वर्षं सेमिस्टरला दोन-तीन प्रॉब्लेम असं करतोय, अख्खा विषय पीबीएलनं कधी केला नाही आणि आपल्या सेटअपमध्ये करूही नये असं माझं मत आहे.

तुमचं बिघडलं ते पहिल्या ओळीत बिघडलं. केसच्या डोक्यावर किडनी इन्ज्युरी असं लिहिल्यावर शोधायला राहिलं काय? पोरांनी तेच शब्द मोबाइलमध्ये टाकले, जे पहिलं पान उघडलं ते सहा पीपीटीत आलं. त्यांची चूक नाही. प्रॉब्लेम असा लिहायचा की वाचल्यावर कुठला चॅप्टर उघडायचा हेच कळू नये.

तुमचीच केस घ्या, चांगली आहे, फक्त तुकड्यात द्या. पहिल्या दिवशी एवढंच, की संध्याकाळी सातची वेळ आहे, मेडिकलच्या काउंटरला एक मुलगा आलाय आणि म्हणतोय वडिलांना दोन दिवस जुलाब आहेत, लघवी कमी होतीय, पाय सुजलेत, ओआरएसची पाकिटं द्या आणि गुडघ्याच्या गोळ्यांची अजून एक स्ट्रिप द्या. बास. क्रिएटिनिन नाही, औषधांची नावं नाहीत, वय सुद्धा नाही. आणि प्रश्न एकच, काउंटरच्या आत तुम्ही उभे आहात, त्या मुलाला काय काय विचाराल आणि का? ह्याला गुगलवर उत्तर नाही. पोरं बोलायला लागतात, कारण ह्यात चुकायची भीती कमी आहे. त्यांनी विचारलं घरात अजून कुठल्या गोळ्या चालू आहेत, की मग दुसरा कागद द्यायचा ज्यात गोळ्यांची नावं आहेत. जो गट विचारणारच नाही त्याला तो कागद द्यायचा नाही, जरा वाट बघायची. रिपोर्टचा कागद शेवटी.

ही पद्धत कॅनडात हॅमिल्टनला मॅकमास्टर विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये १९६९ च्या पहिल्या बॅचपासून सुरू झाली, तिथं लहान लहान गट आणि प्रत्येक गटाला एक ट्यूटर अशी सोय होती. मग १९७४ ला नेदरलँड्समध्ये मास्ट्रिक्टला मेडिकल सुरू झालं तेव्हा त्यांनी तिला सात पायऱ्यांचं रूप दिलं, आधी न कळलेले शब्द स्पष्ट करायचे, मग नेमका प्रॉब्लेम काय ते ठरवायचं, मग डोक्यात येईल ते सगळं बोलायचं, ते फळ्यावर जुळवायचं, त्यातनं शिकायचे मुद्दे काढायचे, घरी वाचायचं आणि परत येऊन एकमेकांना सांगायचं. पहिल्या पाच पायऱ्या पहिल्या बैठकीत, सातवी दुसऱ्या बैठकीत. तुमच्या वर्गात चौथी-पाचवी झालीच नाही, पोरं तिसरीवरनं थेट मोबाइलवर गेली.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मला समजायला तीन वर्षं लागली. वाटणी करू देऊ नका. शिकायचे मुद्दे पाच निघाले तर पाचही मुद्दे दहाही जणांनी वाचून यायचे. आपल्या पोरांची सवय अशी की तू किडनी घे, मी मेटफॉर्मिन घेतो, ती डाययुरेटिक घेईल, आणि आपापलं पान वाचून दाखवायचं. म्हणजे तुम्ही जे तीन डबे म्हणताय ते परत तिथंच, फक्त आता एकेक डबा एकेकाच्या डोक्यात. मी दुसऱ्या बैठकीत पीपीटी बंद करून टाकली, फळा आणि खडू, आणि कुणाचंही नाव घेऊन म्हणतो की आता तू पुढं सांग. दोन वेळा असं झालं की वाटणी आपोआप थांबते.

६० चं काय, तर थिअरीच्या तासाला करूच नका. प्रॅक्टिकलची बॅच २० ची असते ना, त्यात दहा-दहाचे दोन गट होतात आणि एक मास्तर दोन गटांत फिरू शकतो. फार्माकॉलॉजीची बरीचशी प्रॅक्टिकल आता कॉम्प्युटरवर सिम्युलेशनची आहेत, त्यातनं वेळ काढता येतो. नाहीतर आठवड्याचा जो एक ट्यूटोरियलचा तास टाइमटेबलवर आहे आणि ज्यात बऱ्याच ठिकाणी पोर्शनच ओढला जातो तो वापरा, तो ह्याच्यासाठीच दिलाय. प्रत्येक गटात एक जण चर्चा चालवणारा, एक जण फळ्यावर लिहिणारा, दर वेळी बदलायचे.

आणि शांतता. तुम्ही पाच मिनिटं थांबलात, चांगलं केलंत, पण मग काय केलंत ते तुम्ही लिहिलं नाही. माझा अंदाज आहे तुम्ही बोललात. पोरांना माहिती असतं की जरा कळ काढली की मॅडम सांगणार. न बोलता बसायला मला अजूनही जड जातं.

मेडिकलकट्टा

मी मास्तर नाही, शाहूपुरीत मेडिकल चालवतो, बी.फार्म करून १७ वर्षं झाली. पण हा विषय बघून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

वर सरांनी काउंटरचा प्रसंग लिहिलाय तो रोजचा आहे हो. लोक गोळीचं नाव घेत नाहीत, गुडघ्याची द्या, ॲसिडिटीची द्या, ती पिवळी द्या असं म्हणतात. चिठ्ठीशिवाय द्यायची नाही अशी गोळी असते, नाही म्हटलं की पलीकडच्या दुकानात जातात. पण नाही म्हणताना दोन मिनिटं बोलता आलं तर माणूस ऐकतो, हा माझा अनुभव आहे. आणि ते दोन मिनिटांचं बोलणं मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही.

माझ्या दुकानात एक आजी यायच्या, पन्हाळ्याकडच्या गावातल्या. तीन डॉक्टरांच्या गोळ्या एका कॅरीबॅगेत. एकदा पाऊस होता, एसटीला वेळ होता म्हणून बसल्या होत्या, मी ती बॅग काउंटरवर ओतली आणि बघतोय तर एकच पेनकिलर दोन कंपन्यांच्या दोन नावांनी, दोन डॉक्टरांनी दिलेली, आणि आजी दोन्ही खात होत्या, वर बीपीची आणि लघवीची गोळी. दोन्ही डॉक्टरांना फोन केला, एकांनी लगेच बंद करायला सांगितली, दुसऱ्यांनी आजींना बोलवून घेतलं. आजींना काही झालं नाही, बऱ्या राहिल्या. पण मी त्या रात्री हिशोब केला की आधीचे किती महिने मी स्वतः त्यातली एक स्ट्रिप त्यांच्या हातात दिली होती. मला दोन्ही औषधांचं मेकॅनिझम पाठ होतं. बॅग बघायची असते हेच माहिती नव्हतं.

तर माझं म्हणणं असं की ती कॅरीबॅगच पोरांसमोर ठेवा. केस टाइप करून देऊ नका. रिकाम्या स्ट्रिपा, अर्ध्या कापलेल्या, नाव फाटलेल्या, एक्सपायरी गेलेली एखादी, एखादी आयुर्वेदिक पुडी, सगळं एका पिशवीत. पोरांनी आधी ओळखायचं कशात काय आहे. मी पिशव्या करून देतो, पेशंटचं नाव गाव काही नसेल त्यात. कुठलं पण कॉलेज असू दे, मागा, देतो.

गारगोटीएसटी

मी फायनल इयरला आहे (वरच्या मॅडमचा स्टुडंट नाही). आमच्याकडं एका सरांनी केलं होतं दोन वेळा म्हणून पोरांच्या बाजूनं सांगतो, राग मानू नका.

पहिलं म्हणजे आम्ही गप्प बसतो ते येत नाही म्हणून नाही तर बारावीपर्यंत आणि नंतर पण चुकीचं बोललं की सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलंय म्हणून. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की ह्या तासाला चुकलं तर मार्क जाणार नाहीत आणि मराठीत बोला, फक्त फळ्यावर टर्म इंग्लिशमध्ये लिहा कारण पेपर इंग्लिशमध्ये आहे. खरं सांगतो त्या दिवशी जी पोरं तीन वर्षं कधी बोलली नव्हती ती बोलली. आमच्यात एक जण आहे, इंग्लिशमध्ये एक वाक्य धड येत नाही त्याला, पण त्याच्या घरी म्हशी आहेत आणि अँटीबायोटिकचा विषय निघाला तेव्हा जनावराला औषध दिल्यावर किती दिवस दूध डेअरीला घालायचं नाही हे तो असा समजावून सांगत होता की आम्ही सगळे बघतच राहिलो, आणि तिथनं हाफ लाइफ म्हणजे काय (अंगातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) हे मला पहिल्यांदा नीट कळलं.

सरांनी पुराचा प्रॉब्लेम दिला होता. २०१९ आणि २०२१ चा पूर आमच्यातल्या बऱ्याच जणांनी घरात बघितलाय, मग पाणी उतरल्यावर चिखल काढताना लेप्टो (उंदराच्या लघवीनं दूषित पाण्यातनं होणारा आजार) होऊ नये म्हणून डॉक्सीसायक्लिन वाटतात, ती गोळी एका माणसानं दूध कट्ट्यावर धारोष्ण दूध पिता पिता घेतली तर चालेल का असा प्रश्न होता. आमचा एक म्हणाला अजिबात नाही, डॉक्सी टेट्रासायक्लिनच्या घरातली, दुधात कॅल्शियम, चिलेशन होतं म्हणजे दोन्ही चिकटून बसतात, वाया गेली गोळी. सगळ्यांनी मान डोलावली. सर काही बोलले नाहीत, नुसतं विचारलं, सगळ्या टेट्रासायक्लिनचं सारखंच होतं का? घरी वाचल्यावर कळलं की जुन्या टेट्रासायक्लिनचं दुधानं खूप जास्त कमी होतं, डॉक्सीचं साधारण २० टक्केच, त्यामुळं पोटात मळमळ होत असेल तर खाऊन घेतली तरी चालते, पण लोहाची गोळी आणि अँटासिड मात्र डॉक्सीला पण लांब ठेवायचं. आणि गोळी घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही, भरपूर पाण्याबरोबर घ्यायची, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. लहान पोरांना आणि गरोदर बाईला सरसकट वाटायची नाही. हे मला आता मरेपर्यंत विसरणार नाही.

पण अडचण सांगतो. मी गारगोटीवरनं येऊन जाऊन करतो, रोजचे तीन तास एसटीत जातात, शिवाय जर्नल, असाइनमेंट, सेशनल (कॉलेजच्या अंतर्गत परीक्षा). तुम्ही पाच मुद्दे सगळ्यांनी वाचा म्हणताय ते बरोबर आहे पण त्याला वेळ कुठला? आमच्या सरांनी त्या दोन आठवड्यांत बाकीची एक असाइनमेंट रद्द केली म्हणून झालं. ते केलं नाही तर पोरं कॉपी करणारच. आणि गटात दोघं जण सगळं बोलतात, बाकीच्यांना चान्स मिळत नाही, ह्याकडं पण बघा.

वॉर्डराऊंड

मी फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) केलंय, आता हॉस्पिटलमध्ये क्लिनिकल फार्मासिस्ट आहे. फार्म.डी. आपल्याकडं २००८ ला सुरू झालं, पाच वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप, त्यामुळं केस हा शब्द आम्ही रोज ऐकलाय. तरीही सांगते की आम्ही जे केस प्रेझेंटेशन करायचो ते पीबीएल नव्हतं. तिथं निदान झालेलं असतं, केस पेपर समोर असतो, आपण तो सोप फॉरमॅटमध्ये (पेशंट काय सांगतो, तपासणीत काय, आपला अंदाज, पुढचा प्लॅन) बसवतो. त्याचाही उपयोग आहे पण ते शिकलेलं लावणं आहे. पीबीएलमध्ये शिकायला सुरुवातच प्रॉब्लेमपासून होते. हा फरक मॅडमनी एचओडींना नीट सांगावा, नाहीतर ते म्हणतील केस डिस्कशन तर आपण करतोच.

दुसरं, जास्त मोठे दावे करू नका. १९९३ ला मेडिकल शिक्षणातल्या पीबीएलवरचे दोन मोठे आढावे आले होते, त्यात साधारण असं निघालं की क्लिनिकल कामात आणि शिकण्याच्या गोडीत ही पोरं पुढं, पण बेसिक सायन्सच्या परीक्षेत थोडी मागं. म्हणजे रिझल्ट वाढेल असं सांगून सुरू केलंत आणि वाढला नाही तर दुसऱ्या वर्षी बंद पडेल. आणि ज्याचा पायाच नाही त्यावर प्रॉब्लेम टाकून उपयोग नाही. किडनीचं फिजिऑलॉजी पोरांनी आधी केलेलं असतं, ते एका लेक्चरमध्ये उजळून घ्या आणि मग प्रॉब्लेम द्या. औषधांची केमिकल नावं, स्ट्रक्चर, क्लासिफिकेशन ह्याला लेक्चरच बरं.

मार्कांचं. पीसीआयच्या (फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या) बी.फार्म सिलॅबसमध्ये थिअरीला इंटर्नलचे २५ आहेत, १५ सेशनलचे आणि १० कंटिन्युअस मोडचे. त्या १० मध्ये ४ हजेरीचे, ३ ॲकॅडेमिक ॲक्टिव्हिटीचे आणि ३ स्टुडंट टीचर इंटरॅक्शनचे. हे शेवटचे सहा मार्क बऱ्याच ठिकाणी डोळे झाकून दिले जातात. ॲक्टिव्हिटीत ग्रुप डिस्कशन बसतं, त्यात पीबीएल बसवा, कुणाची परवानगी लागत नाही. आणि सेशनलमध्ये एक प्रश्न असाच घाला, औषधांची यादी देऊन काय होईल आणि का असा. पोरगा विचारतोय परीक्षेत कसं लिहू, तर तो प्रश्न परीक्षेत आहे असं करा की. जोपर्यंत पेपरात राइट अ नोट ऑन एवढंच येतंय तोपर्यंत त्यानं तरी का मान मोडायची?

सहाव्या सेमला बायोफार्म (औषध अंगात किती, कसं पोचतं तो विषय) असेल कुणाकडं तर फेनिटॉइन घ्या. फिट येणाऱ्या पेशंटला ३०० मिलिग्रॅम पुरत नाही म्हणून ४०० केलं आणि दोन-तीन आठवड्यांनी बायको सांगतीय की हे चालताना झोकांड्या खातात, डोळे भिरभिरतात. डोस एक तृतीयांश वाढला, रक्तातली पातळी कितीतरी जास्त चढली, का? पोरं स्वतः आलेख काढतात, पातळीची १० ते २० ची सुरक्षित रेंज कुठं ओलांडली बघतात आणि मायकेलिस मेंटेनचं समीकरण (एन्झाइम भरून गेलं की औषध बाहेर पडायचा वेग वाढत नाही, ते सांगणारं) त्यांना हवंसं वाटतं. मी शिकत असताना ते समीकरण नुसतं पाठ केलं होतं आणि पहिला असा पेशंट वॉर्डात बघितला तेव्हा मला ते आठवलं सुद्धा नाही.

क्यूए_कागल

थोडक्यात लिहितो, शिफ्टला निघालोय. सगळे प्रॉब्लेम पेशंटचेच कशाला? कागल, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नोकरीला येणारी पोरं पण तुमचीच आहेत. फार्मास्युटिक्सला ग्लिसरिनचा प्रॉब्लेम द्या. अमेरिकेत १९३७ ला सल्फानिलमाइडचं एलिक्झर डायएथिलीन ग्लायकॉल (डीईजी) ह्या विषारी द्रवात केलं, १०० च्या वर माणसं गेली, आणि १९३८ ला तिथं कायदा झाला. आपल्या मुंबईत जेजे हॉस्पिटलला १९८६ मध्ये ग्लिसरॉलमधनं तेच डायएथिलीन ग्लायकॉल पोटात जाऊन १४ पेशंट गेले, त्यावर जस्टिस लेंटिन कमिशन बसलं. पोरांना शेवट सांगू नका. एक ड्रम, त्यावरचं लेबल, सप्लायरचं सर्टिफिकेट आणि ग्लिसरिनचा मोनोग्राफ (दर्जा कसा तपासायचा ते पान) द्या, विचारा हा ड्रम प्रॉडक्शनला सोडणार का. युएसपीत (अमेरिकेच्या औषध-मानकांच्या पुस्तकात) आयडेंटिफिकेशनमध्येच डीईजीची लिमिट ०.१ टक्का का घातलीय हे त्यांचं त्यांना शोधू द्या. सर्टिफिकेटवर विश्वास ठेवून सही करणारा ट्रेनी मी दर वर्षी बघतो आणि दर वर्षी माझ्या पोटात गोळा येतो.

रंकाळाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. लगेच उत्तर दिलं नाही कारण म्हटलं करून बघावं आणि मगच लिहावं. तीन आठवडे झाले.

खडूफळा सरांचा अंदाज बरोबर होता, मीच बोलले होते. ह्या वेळी एकच बॅच घेतली २० ची, दोन गट, प्रॅक्टिकलच्या वेळेत. एचओडी सरांना कंटिन्युअस मोडचे मार्क दाखवले आणि सांगितलं की पोर्शनमधले तीन टॉपिक ह्यातच होतायत, ते म्हणाले एका बॅचला करा, बघू. एक असाइनमेंट कमी केली. मराठीत बोला म्हणून सांगितलं. पिशवी मी घरीच केली, शेजाऱ्यांकडनं रिकाम्या स्ट्रिपा गोळा करून.

पहिल्या दिवशी ओआरएस मागणाऱ्या मुलाचा कागद दिला. एका गटानं दहा मिनिटांत विचारलं घरात कुठल्या गोळ्या चालू आहेत. दुसरा गट जुलाबावरच अडकला, दूषित पाणी, कॉलरा, मेट्रोनिडाझोल, फळा भरला. मला इतकं सांगावंसं वाटत होतं की मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. ३५ मिनिटांनी एक मुलगी म्हणाली, पण पाय का सुजलेत, जुलाबानं अंगातलं पाणी जातं ना, सूज कशी येईल? तिथनं गाडी वळली.

दुसऱ्या बैठकीत जे झालं ते सांगायलाच हे लिहितेय. किडनीत प्रेशर कसं राहतं ह्यावर वाद चालला होता, अफरंट, इफरंट (किडनीच्या गाळणीत रक्त आणणारी आणि बाहेर नेणारी नळी) सगळी गडबड. एक मुलगा, घरी ऊस आहे, उठला आणि फळ्यावर ठिबकचा फिल्टर काढला. म्हणाला, पाणी आत यायचा कॉक हा, बाहेर जायचा कॉक हा, मधल्या जाळीतनं पाणी गाळून जायचं तर आत प्रेशर पाहिजे. पेनकिलर प्रोस्टाग्लँडिन कमी करते म्हणजे आत यायचा कॉक आवळला. टेल्मिसार्टननं अँजिओटेन्सिनचं काम थांबवलं म्हणजे बाहेर जायचा कॉक सैल सोडला. आणि डाययुरेटिक अधिक जुलाब म्हणजे विहिरीतच पाणी नाही. मग जाळीत प्रेशर कुठनं येणार? एकेकट्या गोळीला किडनी निभावून नेते, तिन्ही एकदम आल्या की नाही.

मी एवढी वर्षं अफरंट इफरंटची आकृती काढतेय, असं मला कधी सुचलं नाही. मग दुसऱ्या गटातला एक म्हणाला मेटफॉर्मिननं किडनी खराब झाली असणार, गावात सगळे तसंच म्हणतात. त्यावर तिघांनी त्याला थांबवलं, त्यांनी वाचलं होतं की मेटफॉर्मिन किडनी खराब करत नाही, किडनी बिघडली की मेटफॉर्मिन बाहेर पडत नाही आणि साठते, लॅक्टिक ॲसिडोसिसची (रक्तात ॲसिड साठण्याची) भीती त्यामुळं, आणि ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा) ३० च्या खाली गेला की ती द्यायचीच नाही. वाटणी झाली नव्हती म्हणून तिघांना सांगता आलं, सर.

काय जमलं नाही ते पण सांगते. २० पैकी चार जण दोन्ही दिवस एक शब्द बोलले नाहीत. गारगोटीच्या भावानं लिहिलंय तसं दोघं-तिघंच फळा धरून होते. आणि शेवटी त्या मुलाला काउंटरवर नेमकं काय सांगायचं, कुठल्या शब्दात, ह्यात सगळेच कच्चे निघाले. गोळी देऊ नका एवढं म्हणाले, पण आज रात्रीच दवाखान्यात न्या, कुठल्या गोळ्या चालू आहेत ती पिशवी बरोबर न्या, बीपीची आणि शुगरची पुढची गोळी घ्यायच्या आधी डॉक्टरांना विचारा, हे त्याला घाबरवून न सोडता सांगता आलं नाही.

मेडिकलकट्टा दादा, तुमच्याकडं चार-चार पोरं एक तासभर आणली तर चालेल का? काउंटरला हात लावणार नाहीत, नुसती बाजूला उभी राहून ऐकतील. ते चार गप्प बसणारे आधी आणेन म्हणतेय.

खडूफळा

ठिबकचा फिल्टर मी वापरणार, त्या पोराला सांगा. आणि त्या चौघांपैकी एकाला पुढच्या वेळी फळ्यावर लिहायला उभं करा, बोलायचं नाही फक्त लिहायचं. लिहिणाऱ्याला दुसऱ्यांना विचारावंच लागतं की काय लिहू.

मेडिकलकट्टा

चालेल की मॅडम, कधीही आणा. फक्त सोमवार नको, बाजारची गर्दी असते. गुरुवारी दुपारी तीन-साडेतीनला या, त्या वेळी म्हातारी माणसं महिन्याच्या गोळ्या न्यायला येतात आणि बोलायला वेळ असतो. त्यांना विचारूनच पोरांना थांबवू बाजूला. दोन स्टुलं आहेत, दोघं आळीपाळीनं बसतील.